आठवण करून देणारे तोतये

‘तुमच्या वेबसाइटच्या नावाची मुदत आज रात्री बारा वाजता संपतेय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा,’ असे फोन करणारी मंडळी पूर्वी एखादा उलटा प्रश्न आला की गुपचूप फोन ठेवून द्यायची. आता ती वाद घालतात. एवढंच नाही, तर मित्रमंडळींत, चहाच्या टपरीवर, व्यापाऱ्यांच्या बैठकीत या धंद्याची उघड वकिलीही होऊ लागली आहे. ही वकिली शांतपणे ऐकून घेतली तर तिच्यात पाच मुद्दे सापडतात. आम्ही फक्त आठवण करून देतो. ग्राहकाची माहिती उघड्यावरच पडलेली असते, आम्ही ती चोरत नाही. पैसे घेतो तसं कामही करून देतो. ज्याला स्वतःच्या वेबसाइटचं काही कळत नाही, त्याने नंतर बोंब मारू नये. आणि सगळ्यांत वरचढ मुद्दा म्हणजे, यातून आपल्याच पोरांना नोकऱ्या मिळतात.

पाचही मुद्द्यांचा समाचार घ्यायला हवा, आणि तो इथूनच घ्यायला हवा. नांदेडला लागून असलेल्या विष्णुपुरीत 1994 साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दरवर्षी या परिसरातून संगणक शिकलेली मुलं बाहेर पडतात. त्यांतली काही पुण्यात किंवा हैदराबादला असल्या फोनच्या त्या टोकाला जाऊन बसतात. या टोकाला असतात त्यांचेच काका-मामा: नव्या मोंढ्यातले आडते, वजिराबादेतले दुकानदार, लातूरच्या गंज गोलाईतले व्यापारी, तिथल्या ट्यूशन एरियातले क्लासवाले. दोन्ही टोकांना आपलीच माणसं असताना ‘धंद्यात चालतंच असं’ म्हणून मान फिरवता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. या प्रकाराला चढ्या आवाजातली विक्री म्हणणं चूक आहे. ही तोतयेगिरी आहे. आणि ज्या अज्ञानाबद्दल ग्राहकाला नावं ठेवली जातात, ते अज्ञान या धंद्यानेच पेरलेलं आणि पोसलेलं आहे.

आधी फोन कसा चालतो ते पाहू. पलीकडचा माणूस स्वतःच्या कंपनीचं नाव पुटपुटतो आणि ‘डोमेन डिपार्टमेंट’ किंवा ‘रजिस्ट्रेशन विभाग’ हे शब्द मात्र ठासून उच्चारतो. मग तो तुमच्या वेबसाइटचं नाव सांगतो, ते कुठल्या तारखेला घेतलं ते सांगतो, मुदत कधी संपते तेही सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ज्याच्याकडे आपलं खातं आहे तोच हा. त्यानंतर धाक सुरू होतो. नाव बंद पडेल, ई-मेल बंद पडतील, गूगलवरून दुकान गायब होईल, मुंबईची एक पार्टी हेच नाव घ्यायला टपून बसली आहे. शेवटी सवलत येते: एका वर्षाऐवजी पाच किंवा दहा वर्षांचं एकदम भरा, सोबत ‘सुरक्षा’ आणि ‘गूगल नोंदणी’ फुकट. पैसे यूपीआयने, बऱ्याचदा कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. काही जण याच्याही पुढे जाऊन फोनवर आलेला ओटीपी किंवा नाव दुसरीकडे हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड मागतात. तो कोड दिला की पैशांसोबत नावावरचा ताबाही गेला.

आता पहिला मुद्दा, आठवणीचा. हे लोक आठवण करून देण्याचं पुण्यकर्म करतात म्हणे. पण ते काम आधीच दुसऱ्या कुणावर सोपवलेलं आहे. जगभरातल्या डॉट कॉमसारख्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार, ज्या कंपनीकडे तुमचं नाव नोंदलेलं आहे तिने, म्हणजे रजिस्ट्रारने, मुदत संपण्यापूर्वी साधारण एक महिना आणि साधारण एक आठवडा अशा दोन वेळा तुम्हाला कळवलंच पाहिजे. मुदत संपल्यावरही पाच दिवसांच्या आत पुन्हा कळवलं पाहिजे. म्हणजे खरी आठवण ठरलेल्या जागेवरून येते. तिसऱ्याच माणसाने फोन करून ती देण्याची गरज नसते, आणि त्याला तसा अधिकारही नसतो.

रात्री बारा वाजताची भीतीही बनावट आहे. मुदत संपली म्हणजे नाव त्याच क्षणी कुणाच्या तरी घशात जातं, असं होत नाही. वेबसाइट बंद पडू शकते, हे खरं. पण बहुतेक कंपन्या काही दिवसांची सवड देतात, आणि नाव खोडलं गेलं तरी त्यापुढचे तीस दिवस ते मूळ मालकालाच दंड भरून सोडवता येतं. याचा अर्थ निवांत बसावं असा नाही; काही कंपन्या मुदत संपलेली नावं मधल्या काळात लिलावात काढतात. पण ‘आज रात्री’ आणि ‘येत्या काही दिवसांत’ यांत जो फरक आहे, त्या फरकावरच हा सगळा धंदा उभा आहे. माणसाला लॉग-इन करून तारीख तपासायला पाच मिनिटं मिळाली तर सौदा मोडतो, म्हणून ती पाच मिनिटंच हिरावून घ्यायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत तेरा क्लृप्त्यांची यादी आहे आणि तिच्यात पहिलीच क्लृप्ती खोट्या घाईची आहे. ती तत्त्वं ऑनलाइन मंचांसाठी आहेत, पण फोनवर बोलल्याने घाई खरी होत नाही.

आठवण करून देणं कशाला म्हणतात, याचं एक उदाहरण आहे. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी स्वतःच्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेल वापरणाऱ्यांची पंचाईत झाली. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरच्या ते लक्षात आलं. त्याने स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरले आणि नाव मायक्रोसॉफ्टच्याच मालकीत चालू राहिलं. ना त्याने स्वतःला कुठल्या डिपार्टमेंटचा म्हणवलं, ना ते नाव आपल्याकडे ओढलं. आठवणीचं पुण्य हवं असेल तर ते असं मिळतं.

विष्णुपुरीपुरतं बोलायचं तर इथे हा खोटेपणा आणखी उघडा पडतो. विद्यापीठ आणि महाविद्यालयं यांच्या नावांच्या शेवटी ‘एसी डॉट इन’ असतं. ही नावं बाजारात मिळत नाहीत. केंद्र सरकारच्या अखत्यारीतली अर्नेट इंडिया ही एकच संस्था ती देते आणि तीच त्यांचं नूतनीकरण करते. सरकारी कार्यालयांची ‘गव्ह डॉट इन’ नावं एनआयसीकडे. बँकांचंही आता तसंच आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 मध्ये आदेश काढून सर्व बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली यायला सांगितलं, आणि ही नावं देण्याचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवलं. त्यामुळे एखाद्या महाविद्यालयाच्या कार्यालयात किंवा सहकारी बँकेच्या मुख्यालयात फोन करून ‘तुमचं नाव आम्ही रिन्यू करून देतो’ म्हणणारा खासगी माणूस, पहिल्या वाक्यातच खोटा ठरतो. रिझर्व्ह बँकेला एवढा खटाटोप का करावा लागला? नावावरूनच लोक विश्वास ठेवतात आणि नावाच्या आडूनच फसवले जातात, म्हणून. तिथेही एक पथ्य पाळायला हवं: नव्या नावावर गेलेल्या सहकारी बँकांनी जुनी नावं सोडून देऊ नयेत. जुन्या पासबुकांवर, फलकांवर, लोकांच्या मोबाइलमध्ये ती नावं अजून आहेत. ती उद्या कुणीही उचलू शकेल.

दुसरा मुद्दा: माहिती उघडीच होती. हा बचाव जुना आहे आणि न्यायालयात एकदा आपटलेलाही आहे. नावांची नोंद ज्या सार्वजनिक वहीत असे तिला हूइज म्हणत. नाव कुणाचं, पत्ता काय, फोन काय, मुदत केव्हापर्यंत, हे सारं तिच्यात कुणालाही दिसायचं. अमेरिकेत 2000 साली रजिस्टर डॉट कॉम या कंपनीने व्हेरियो नावाच्या कंपनीवर दावा लावला. व्हेरियो एका स्वयंचलित प्रोग्रामने ही वही रोज उपसायची आणि नुकतंच नाव घेतलेल्या ग्राहकांना फोन, पत्रं, ई-मेल यांचा मारा करून आपल्या सेवा विकायची. हे फोन रजिस्टर डॉट कॉमकडूनच येताहेत, असा अनेक ग्राहकांचा समज झाला. ‘माहिती सार्वजनिक आहे’ हाच व्हेरियोचाही पवित्रा होता. न्यायालयाने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिला मनाई केली, आणि 2004 साली अपिलातही ती मनाई कायम राहिली. माहिती दिसते याचा अर्थ ती कशीही वापरायची मुभा आहे असा होत नाही, हे तेव्हाच ठरलं.

मे 2018 मध्ये युरोपात खासगीपणाचा नवा कायदा लागू झाल्यावर त्या वहीतले मालकाचे तपशील बऱ्याच प्रमाणात झाकले गेले. जानेवारी 2025 पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी ती वहीही मागे पडून तिच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत आली. पण नाव कधी घेतलं आणि मुदत कधी संपते या तारखा आजही कुणालाही पाहता येतात. फोन नंबर तर दुकानाच्या पाटीवर, व्हिजिटिंग कार्डवर, गूगलच्या नकाशावर असतोच. या दोन गोष्टी जोडल्या की सोंग तयार. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं सोंग घेऊन उभा राहिलेला तोतया आपल्या इतिहासात प्रसिद्ध आहे. भाऊंबद्दल चार गोष्टी ठाऊक असणं आणि भाऊ असणं यांतला फरक पुणे दरबाराला कळत होता, म्हणून 1776 साली त्या तोतयाला देहदंड झाला. मुदतीची तारीख बरोबर सांगता येते म्हणून कुणी तुमचा रजिस्ट्रार होत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत लबाड आहे: आम्ही काम करूनच देतो. काम करून देतात, पण कोणतं? सांगतात नूतनीकरण आणि करतात स्थलांतर. तुमचं नाव एका कंपनीकडून काढून दुसऱ्या, महागड्या कंपनीकडे नेलं जातं, आणि तुम्हाला वाटतं आपण जुनंच खातं पुढे चालू ठेवलं. यासाठी जगात गाजलेली कंपनी म्हणजे डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका. सरकारी वाटावं असं नाव, बिलासारखं दिसणारं पत्र, खाली पैसे भरायची तारीख. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने तिच्याविरुद्ध कारवाई केली आणि डिसेंबर 2003 मध्ये न्यायालयाने तिला ग्राहकांची अशी दिशाभूल करायला मनाई केली. तरीही त्याच वळणाची पत्रं पुढे कित्येक वर्षं लोकांच्या दारात पडत राहिली. अखेर 2014 साली आयकॅनने तिच्याशी जोडलेल्या रजिस्ट्रार कंपनीची मान्यता काही काळ निलंबित केली. म्हणजे पाठीशी न्यायालयाचा आदेश असूनही आळा बसायला दहा वर्षं लागली. तिचं तर पत्र होतं; पत्र निदान घरातल्या शिकलेल्या मुलाला दाखवता येतं, शेवटची बारीक अक्षरातली ओळ वाचता येते. फोनवर बारीक अक्षरच नसतं. बोललेलं वाऱ्यावर जातं आणि पुरावा शून्य.

पैशांचाही हिशेब मांडू. डॉट कॉम नावांचा घाऊक दर सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 10.26 डॉलर आहे, म्हणजे नऊशे रुपयांच्या आसपास. त्यावर रजिस्ट्रारचा नफा आणि कर धरून दुकानदाराला ते साधारण हजार ते दीड-दोन हजारांत पडायला हवं. डॉट इन बहुधा त्याहून स्वस्त. मग कुणी एका वर्षासाठी पाच-सात हजार मागत असेल, तर वरचे पैसे कशाचे? ‘सुरक्षा प्रमाणपत्रा’चे म्हणावेत, तर लेट्स एन्क्रिप्टसारखी ना-नफा संस्था गेली दहा वर्षं ते फुकट देते आहे. ‘गूगल नोंदणी’चे म्हणावेत, तर गूगलवर आपल्या दुकानाची नोंद करायला एक पैसाही लागत नाही आणि तिला मुदतही नसते. गूगलच्या नावाने असे फोन करून छोट्या दुकानदारांना लुबाडणाऱ्या फ्लोरिडातल्या टोळक्यावर अमेरिकी आयोगाने 2018 साली खटला भरला होता. फुकट मिळणारी वस्तू विकत देणं आणि न संपणाऱ्या गोष्टीची मुदत संपवणं, याला सेवा म्हणायचं असेल तर लूट कशाला म्हणायचं?

चौथा मुद्दा अज्ञानाचा. यावर थोडं थांबायला हवं, कारण ग्राहकाला ‘अडाणी’ म्हणणं सोपं आहे आणि तो अडाणी कसा राहिला हे सांगणं अडचणीचं. नांदेड-लातूरकडे छोट्या धंद्याची वेबसाइट बहुतेक वेळा कशी बनते? ओळखीचा एखादा पोरगा किंवा एखादी छोटी कंपनी ‘डोमेन, होस्टिंग, डिझाइन सगळं मिळून इतके’ असा ठोक भाव सांगते. नाव कुठल्या कंपनीकडे घेतलं, कुणाच्या ई-मेलवर घेतलं, मालक म्हणून कुणाची नोंद केली, हे मालकाला कुणी सांगत नाही. पुष्कळदा नाव बनवणाऱ्याच्याच खात्यात राहतं, कारण मग दरवर्षी गिऱ्हाईक हातात राहतं. नूतनीकरणाच्या सूचनाही त्याच्याच ई-मेलवर जातात. पुढे तो पोरगा पुण्याला जातो, नंबर बदलतो. दुकानदाराच्या हाती उरतं फक्त पाटीवर रंगवलेलं वेबसाइटचं नाव. अशा माणसाला ‘तुमच्या रजिस्ट्रारकडून बोलतोय’ असा फोन आला, तर तो ओळखणार कशावरून? त्याला खरा रजिस्ट्रार कोण हे कधी कळूच दिलेलं नाही.

मोठ्या कंपन्यांनीही या गोंधळात भर घातली आहे. पहिल्या वर्षी शंभर-दोनशे रुपयांत नाव द्यायचं आणि दुसऱ्या वर्षीपासून कित्येक पटींनी दर लावायचा, ही रीतच पडून गेली आहे. त्यामुळे नूतनीकरणाचा खरा दर कोणता, हे ग्राहकाला सांगता येत नाही आणि तोतयाने सांगितलेला आकडाही खरा वाटतो. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे कार्डावरून आपोआप पैसे कापण्यासाठी वेगळी संमती लागू लागली. नियम ग्राहकाच्या हिताचाच. पण परदेशी कंपन्यांकडे लावून ठेवलेली अनेकांची आपोआप नूतनीकरणं त्याने बंद पडली आणि कुणी धड कळवलंही नाही. त्याआधीच नेट फोर इंडियाचं प्रकरण घडलं होतं. एके काळी देशातल्या मोठ्या रजिस्ट्रारांपैकी एक असलेली ही दिल्ली परिसरातली कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. ग्राहक पैसे भरायला तयार असूनही नावं रिन्यू होईनात, फोन उचलले जाईनात. शेवटी 2021 साली आयकॅनने तिची मान्यता काढली आणि सत्तर हजारांहून अधिक नावं मुंबईच्या पब्लिक डोमेन रजिस्ट्री या कंपनीकडे वळवली. त्या काळात ‘तुमचं नाव आता आमच्याकडे आहे, आमच्या इथे खातं उघडा’ असं सांगणारा खराखुरा निरोपही लोकांना आला. खरा निरोप आणि खोटा निरोप दिसायला जेव्हा इतके सारखे असतात, तेव्हा फसणाऱ्याला मूर्ख म्हणणाऱ्याने आधी स्वतःच्या वेबसाइटचा रजिस्ट्रार कोण हे न पाहता सांगून दाखवावं.

आता नोकऱ्यांचा मुद्दा. हा सर्वांत हळवा आहे आणि म्हणूनच तो ढालीसारखा पुढे केला जातो. मराठवाड्यात शिकलेल्या मुलांना काम मिळत नाही, हे खरं आहे. कर्ज काढून शिकलेल्या मुलीला पुण्यात पंधरा हजारांची नोकरी मिळाली, तर तिच्या घरी पेढे वाटले जातात, हेही खरं आहे. पण या नोकरीत ती कुठे उभी असते ते पाहा. हातात संहिता दुसऱ्याने लिहिलेली, टार्गेट दुसऱ्याने दिलेलं. खोटं मात्र तिच्या आवाजात बोललं जातं, फोन बहुधा तिच्याच सिमवरून जातो आणि कधी पैसेही तिच्याच यूपीआय खात्यात घेतले जातात. तक्रार झाली की पोलिसांना आधी सापडतो तो नंबर आणि ते खातं. मालक दुसऱ्या नावाने दुसऱ्या इमारतीत नवं ऑफिस थाटतो. रोजगाराच्या नावाखाली गुन्ह्याची जोखीम पोरांच्या गळ्यात आणि नफा दुसऱ्याच्या खिशात, अशी ही वाटणी आहे. या मुलांना जे येतं त्याला इथेच किंमत आहे: शंभर दुकानांची नावं त्यांच्याच मालकीत नोंदवून देणं, दरवर्षी वेळेवर रिन्यू करून देणं, पावती देणं. हे काम प्रामाणिकपणे करणारे नांदेडात आहेत. तोतयांच्या फोनमुळे सर्वांत आधी त्यांचाच धंदा बुडतो, कारण पुढच्या खेपेला दुकानदार त्यांचाही फोन उचलत नाही.

कायद्याला हे चालतं का? अजिबात नाही. भारतीय न्याय संहितेच्या 319 व्या कलमात तोतयेगिरी करून ठकवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ज्याचं सोंग घेतलं ती व्यक्ती खरी असो वा काल्पनिक, गुन्हा होतोच, हेही त्याच कलमात स्पष्ट केलेलं आहे. ‘डोमेन डिपार्टमेंट’ नावाचं काही अस्तित्वातच नाही, ही सबब म्हणून चालणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 डी वेगळंच: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार जाहिरातीचे फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करता येतात. साध्या दहा आकडी मोबाइलवरून असा धंदा करणं मुळातच नियमबाह्य आहे. फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर अशा फोनबद्दल सात दिवसांपर्यंत 1909 वर तक्रार करता येते, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की त्या नंबरवर कारवाई सुरू होते. पाच, फक्त पाच. नव्या मोंढ्याच्या एका गल्लीत तेवढी दुकानं सहज निघतील.

मग आळा का बसत नाही? कारण रक्कम मुद्दामच छोटी ठेवलेली असते. दोन-चार हजारांसाठी कोण पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवणार, हा या धंद्याचा पक्का हिशेब आहे. तो आपण चुकवू शकतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय केली आहे. कंपनी नोएडात असो वा पुण्यात, नांदेडचा माणूस नांदेडच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही देता येते. कायद्यात एक मेख आहे, ती लपवत नाही: व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून धंदा करणाऱ्याला कायद्याने या अटीतून वगळलेलं आहे. शिंपी, क्लासवाला, छोटा दुकानदार यांनी ‘आपण व्यापारी, आपल्याला ग्राहक न्यायालय नाही’ असं परस्पर ठरवून गप्प बसू नये.

काही गोष्टी मात्र एकट्या दुकानदाराच्या हातात नाहीत आणि त्या मागायलाच हव्यात. 2003 साली स्थापन झालेल्या आणि डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या निक्सीने, नाव ज्याच्या पैशाने घेतलं त्याचीच मालक म्हणून नोंद होते की नाही हे रजिस्ट्रारांकडून तपासून घ्यावं, आणि मुदतीची सूचना मराठीसह भारतीय भाषांत मालकाच्या मोबाइलवर पाठवायला लावावी. 2014 साली देवनागरीत ‘डॉट भारत’ आणणाऱ्या संस्थेला ही अपेक्षा जड वाटू नये. रजिस्ट्रारांनी पहिल्या वर्षाच्या दराशेजारी दुसऱ्या वर्षाचा दर तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा. जिल्ह्यातल्या व्यापारी संघटनांनी जीएसटीवर कार्यशाळा घेतात तशी एक दुपार या विषयाला द्यावी, आणि विष्णुपुरीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवायला बोलवावं.

वाचकांनी आजच करावं असं काम छोटं आहे. तुमच्या वेबसाइटचं नाव कुठल्या कंपनीकडे आहे, कुणाच्या ई-मेलवर आहे आणि मालक म्हणून कुणाची नोंद आहे, हे ज्याने वेबसाइट बनवली त्याला विचारा, लेखी घ्या, आणि नाव तुमच्या स्वतःच्या खात्यात करून मागा. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. नाव फोनवरून कधीच रिन्यू करू नका. फोन ठेवा, स्वतः लॉग-इन करा, तारीख पाहा, मग पैसे भरा. ऑथ कोड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. फोन आला तर नंबर, तारीख आणि त्याने काय सांगितलं ते लिहून 1909 वर कळवा, पैसे गेले असतील तर तासाभराच्या आत सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर. आणि तुमच्या घरातलं कुणी त्या टोकाला बसून हे फोन करत असेल, तर त्याला पगार किती असं विचारण्याआधी तो दिवसभर फोनवर काय सांगतो ते विचारा.